संस्थापकांचा पुतळा: नऊ फूट की सात, चौकात की आवारात?

तुमच्या समितीचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका जुन्या कारखान्याच्या संस्थापकांचा पूर्णाकृती पुतळा उभारायचा आहे. बैठकीत नऊ फूट उंची, भर चौकातली जागा आणि येत्या डिसेंबरातल्या जयंतीला अनावरण असे ठरत आले आहे. कोटेशने तीन आहेत: एक फायबरचे, एक ‘पंचधातू’चे फुटाच्या हिशेबाने आणि एक ब्राँझचे किलोच्या हिशेबाने. आज जून आहे. उत्तर आधी देतो, कारणे मागून. उंची सात फूट, जागा संस्थेच्या स्वतःच्या आवारात रस्त्याकडे तोंड करून, धातू ब्राँझ, आणि जयंती ही नव्हे, पुढची. डिसेंबरात चबुतऱ्याचे भूमिपूजन करा आणि दीड फुटी नमुना लोकांना दाखवा. तेवढ्याने कार्यक्रम साजरा होतो.

चौकाचा विषय पहिल्यांदा संपवू. गुजरातशी संबंधित खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ, रस्त्याच्या कडा आणि सार्वजनिक वापराच्या जागा येथे पुतळा बसवायला यापुढे राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. त्यात दिवे, वाहतूक, सुशोभीकरण यांना सूट आहे; ‘सुशोभीकरणात बसवून घेऊ’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्या भरवशावर लोकवर्गणीचे पैसे लावू नका. एका अर्जावर काम थांबले की तयार पुतळा ताडपत्रीखाली गोदामात पडून राहतो. महानगर सेवासदनाच्या, म्हणजे महापालिकेच्या, बागेतली जागाही याच प्रश्नात अडकू शकते, म्हणून आधी लेखी उत्तर घ्या. स्वतःच्या आवारात मात्र मालक संस्थेचा ठराव, चबुतऱ्याचा नकाशा आणि बांधकाम परवानगी शाखेला विचारणा, एवढ्यावर भागते. शिवाय चौक बदलत असतात. आज सर्कल आहे, उद्या सिग्नल येईल, परवा उड्डाणपूल.

आवारात आलात की उंचीचा हट्ट आपोआप सुटतो. नऊ फुटांची गरज लागते ती दूरवरून, चालत्या गाडीतून दिसायचे असेल तेव्हा. आवारात माणूस पंचवीस-तीस फुटांवर उभा राहून पाहतो. सात फुटांचा पुतळा आणि साडेचार फुटांचा चबुतरा मिळून साडेअकरा फूट. त्याच्या दुप्पट, म्हणजे तेवीस फुटांवरून संपूर्ण आकृती मान फारशी न उचलता दिसते. फाटकापासून तेवढी मोकळी जागा नसेल तर चबुतरा कमी करा, पुतळा नको. आणि खर्चाचे गणित सरळ आहे: सातावरून नऊवर गेलात की पृष्ठभाग, आणि त्याबरोबर धातू, सुमारे 65 टक्क्यांनी वाढतो, मातीचे आकारमान दुपटीहून जास्त होते. त्याच पैशात सात फुटी पुतळ्याच्या चेहऱ्याला आणखी तीन आठवडे मिळतात. लोक बघतात ते चेहऱ्याकडे.

आता धातू. फायबर म्हणजे रेझिन आणि काचेची चटई, वरून ब्राँझचा रंग. सभागृहात, छपराखाली उत्तम. उघड्यावर बडोद्याच्या उन्हात रंग पांढुरका पडतो, मग दर तीन-चार वर्षांनी रंगारी येतो आणि प्रत्येक थराबरोबर डोळ्यांच्या कडा, मिशीचे केस बुजत जातात. दहा वर्षांनी पुतळा कोणाचा हे पाटी वाचून कळते. संगमरवर बाहेर नको. पावसातल्या आम्लाने पृष्ठभाग खरबरीत होतो आणि काठी, चष्मा, उपरण्याचा काठ असे बारीक भाग पहिल्यांदा तुटतात.

‘पंचधातू’ हा शब्द मूर्तीच्या दुकानात ठीक आहे, करारात नाही. करारात टक्केवारी हवी. आपल्याकडे पुतळ्यांना सर्रास वापरतात तो मिश्रधातू 85-5-5-5: तांबे 85, कथील 5, जस्त 5, शिसे 5. भारतीय मानक 318 मधली एलटीबी-2 ही श्रेणी हीच. फसवणूक कुठे होते, तर भट्टीत जुन्या नळाच्या तोट्यांचे, वॉल्व्हचे भंगार पडते. जस्त वाढते आणि ब्राँझच्या नावाखाली पितळ ओतले जाते. नवे असताना फरक दिसत नाही, उलट पितळ जास्त चमकते. पाच-सात पावसाळ्यांत जस्त धुऊन जाते आणि गालावर, खांद्यावर तांबूस-गुलाबी डाग उमटतात. त्यावर इलाज नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातून, म्हणजे दर वेळी वितळवलेल्या रसातून, अंगठ्याएवढा नमुना ओतून घ्या, त्यावर तारीख ठोका आणि स्पेक्ट्रो चाचणी, म्हणजे मिश्रधातूतली टक्केवारी सांगणारी यंत्रचाचणी, करून घ्या. मकरपुऱ्यासारखी औद्योगिक वसाहत असलेल्या शहरात ही काही अवघड गोष्ट नाही. शिसे 5 टक्क्यांच्या वर गेले तर वेल्डिंगच्या वेळी सांध्याशेजारी केसासारख्या भेगा पडतात, तेही त्याच अहवालात दिसेल.

वजनाचा अंदाज स्वतः काढायला शिका, म्हणजे किलोवरचे कोटेशन वाचता येईल. 6 मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचे वजन चौरस मीटरला सुमारे 53 किलो. पावणेसहा फुटांच्या आतबाहेरच्या माणसाची त्वचा साधारण 1.9 चौरस मीटर. सव्वापट आकार केला की ती 3 होते. कोट, धोतर, चुण्या, पायाखालची पट्टी धरून 4 ते 4.5. म्हणजे नुसते कवच 210 ते 240 किलो. आतल्या पट्ट्या, कुठे 7-8 मिलिमीटर झालेली जाडी हे सगळे धरले तरी अडीचशे ते साडेतीनशे किलोत सात फुटी पुतळा बसतो. कोणी आठशे किलो लिहून दिले असेल तर तो तुम्हाला मजबुती देत नाही, किलो विकतो आहे. जाड ओतकाम उलट वाईट: जाड भाग सावकाश गार होतो, आकसताना आतून पोकळ्या पडतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे येतात. उलटपक्षी एकरकमी ठेक्यात ओतारी जाडी 3-4 मिलिमीटरवर आणतो. करारात दोन्ही लिहा: जाडी 5 ते 8 मिलिमीटर आणि वजनाची खालची-वरची मर्यादा. रंग चढवण्याआधी वजनकाट्यावर पुतळा तोलून पावती घ्या.

आता ज्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ते काम, म्हणजे माती. त्याआधी फोटो.

1900 च्या सुमारासचे फोटो बहुधा स्टुडिओतले, समोरून काढलेले आणि हाताने रंग-रेषा सुधारलेले असतात. सुरकुत्या पुसलेल्या, मिशी रेखलेली. बाजूचा चेहरा सापडणे कठीण. तो शोधायचा समूहचित्रांत: कारखान्याच्या उद्घाटनाचे, पाहुण्यांबरोबरचे, लग्नातले फोटो, तिथे कोणीतरी ऐनवेळी मान वळवलेली असते. एक चूक हमखास होते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटो. बंद गळ्याच्या कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत, उपरणे कोणत्या खांद्यावर आहे, घड्याळाची साखळी कुठल्या खिशात जाते, हे दोन-तीन फोटोंत ताडून पाहा. उलट्या फोटोवरून केलेला चेहरा घरच्यांना ‘कसासाच’ वाटतो आणि का ते कोणालाच सांगता येत नाही.

पोशाखात पागोट्याकडे लक्ष द्या. त्या पिढीच्या बडोदेकरांच्या डोक्यावर बांधून शिवलेली पगडी असे, किंवा पागोटे, किंवा रुमाल. आज शिल्पकाराला ‘मराठी माणूस’ एवढेच सांगितले तर तो लग्नातला तुऱ्याचा फेटा चढवतो. तुमच्या संस्थापकांची पगडी घरात कोणाकडे असेल तर ती काही दिवस कार्यशाळेत ठेवा. घडी कुठून सुरू होते, कपाळावर किती खाली येते, कानाचा किती भाग झाकते, या तीन मापांवर चेहऱ्याची ओळख ठरते.

उद्योजकाच्या पुतळ्याची एक मूळची अडचण आहे. सयाजीबागेजवळचा काळा घोडा पाहा: सयाजीराव महाराज घोड्यावर, शिल्पकार डरवेंट वुड, साल 1907. राजा असेल तर घोडा आकृतीला भारदस्तपणा देतो. त्याच 1907 सालात प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी इथे अलेंबिक हा औषध-रसायनांचा कारखाना सुरू केला. अशा माणसांच्या हाती काय द्यायचे? मग हातात दातेरी चक्र, पायाशी चिमणी असला मासला सुचवला जातो. तो टाळा. उभे राहण्याची ढब, एक हात पाठीमागे, दुसरा काठीवर किंवा घडी केलेल्या नकाशावर, एवढे पुरे. कारखान्याचे काम चबुतऱ्यावर उठावात दाखवा. अलेंबिक या नावाचा अर्थच ऊर्ध्वपातनाचे भांडे. असे एखादे भांडे, पहिला माग, पहिले यंत्र, दीड फूट बाय दोन फुटांच्या ब्राँझ पट्टीवर 25 ते 40 मिलिमीटर उठावात उत्तम दिसते आणि मुले हात लावून पाहतात. नवसारी गायकवाडांच्या राज्यात होती, आणि तिथे 1839 मध्ये जन्मलेल्या जमशेटजी टाटांना पारशी पगडी आणि लांब डगला एवढ्यावर कोणीही ओळखतो. वेश नेमका असला की वेगळी खूण लागत नाही.

सुरुवात दीड फुटी नमुन्याने. यावर समितीने हवे तेवढे भांडावे: हात कुठे, पाय किती पुढे, मान किती खाली. साडेचार फुटांच्या चबुतऱ्यावर पुतळ्याचे डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा बरेच वर असतात. मान सरळ ठेवली तर पुतळा आकाशाकडे बघतो असे वाटते आणि खालून हनुवटी व नाकपुड्याच दिसतात. मान पाचेक अंश पुढे झुकवा. डोके प्रमाणापेक्षा किंचित, पाच-सात टक्के, मोठे घ्यावे लागते.

मग पूर्ण आकाराची माती. सांगाडा लोखंडी पाइप आणि सळईचा, कमरेला मागून एक आडवा आधार. माणसाचे आकारमान साधारण 70 लिटर. सव्वापट पुतळ्याचे दुपटीला थोडे कमी, म्हणजे 137 लिटर. कोट-धोतर धरून 200. ओली माती लिटरला 1.8 किलो धरली तरी साडेतीनशे किलो त्या सळयांना लटकणार. नुसती सळई मातीला धरत नाही. लाकडाच्या दोन पट्ट्यांची अधिकच्या चिन्हासारखी फुली तारेने बांधून जागोजागी लोंबती सोडतात, माती तिला धरते. हे केले नाही तर तिसऱ्या आठवड्यात छाती बोटभर खाली सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, फक्त मान लांब दिसू लागते. आणखी एक माप इथेच. मातीवरून साचा, साच्यातून पोकळ मेण, मग मेण वितळवून काढून त्या जागी ब्राँझचा रस, असा क्रम असतो. मेण आकसते, ब्राँझ गार होताना सुमारे दीड टक्का आकसते. सात फुटांची माती केलीत तर हाती सव्वा इंच कमी उंचीचा पुतळा येतो. पुतळ्याला चालते, पण चबुतऱ्यावरच्या खाचेत पट्टी बसवायची असेल तर ते माप मातीवरून घेऊ नका.

बडोद्यात मातीकाम पावसाळ्यात काढा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे असताना ओली फडकी दुपारपर्यंत कोरडी होतात, बोटे आणि कान आधी तडकतात. जुलै ते सप्टेंबर माती मऊ राहते. ओतकाम मात्र उलट, ते कोरड्या हवेचे. म्हणून क्रम असा: नमुना जून-जुलै, माती ऑगस्ट-सप्टेंबर, साचा ऑक्टोबर, मेण आणि ओतकाम नोव्हेंबर ते जानेवारी, जोडकाम, घासकाम व रंग फेब्रुवारी, बसवणे मार्चमध्ये. डिसेंबरचे अनावरण धरले तर ओल्या साच्यात रस ओतावा लागतो, आणि त्याचे काय होते ते पुढे येतेच.

मातीची तपासणी तीनदा: अंगकाठी उभी राहिल्यावर कपड्यांआधी, चेहरा पाऊण झाल्यावर आणि शेवटी. शेवटच्या वेळी जमिनीवर उभे राहून पाहू नका. माती साडेचार फुटांच्या पाटावर चढवता आली तर उत्तम, नाहीतर तेवीस फुटांवर खाली बसून पाहा. प्रकाश एका बाजूने, तिरपा. काळ्या मातीत सावल्या गडप होतात. ब्राँझ चकाकते आणि सुरकुत्या दुप्पट खोल दिसतात, म्हणून मातीत ‘थोडा कमी’ वाटणारा चेहरा धातूत बरोबर येतो. घरच्यांपैकी दोघे आणि समितीचा एक, अशा तिघांच्या सह्या घ्या. वीस जणांची समिती कार्यशाळेत नेली की नाक दर शनिवारी बदलते. मातीत नाक बदलायला तासभर, मेणात दोन-तीन दिवस. धातूत फक्त घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

साच्याला आता सिलिकॉन रबर आणि बाहेरून पीओपी किंवा फायबरचे कवच लावतात. त्यातून 5-6 मिलिमीटर जाडीचे पोकळ मेण निघते. सात फुटी आकृतीचे सहा ते नऊ तुकडे होतात: डोके, धड दोन भागांत, हात, कमरेखालचा भाग, तळपट्टी. तुकडे कुठे पाडायचे हे ओताऱ्यावर सोडू नका. डोक्याचा सांधा कॉलरच्या आत, हाताचा कोटाच्या शिवणीवर, धडाचा उपरण्याच्या काठाखाली. मोकळ्या गालावरून किंवा सपाट पाठीवरून गेलेली रेघ कितीही घासली तरी दहा वर्षांनी उठते.

मेणाच्या आत-बाहेर पीओपी आणि विटांचा भुगा यांचे मिश्रण भरतात, किंवा सिरॅमिक कवचाचे सात ते नऊ थर देतात. पीओपीचा साचा 600 ते 650 अंशांवर दोन-तीन दिवस भाजावा लागतो. कमी भाजला तर आत ओल आणि मेणाची काजळी राहते. रस पडताच वाफ उसळते आणि पृष्ठभाग स्पंजासारखा होतो. फार तापवला, 700 च्या पुढे नेला, तर पीओपीतले जिप्समच फुटते आणि गंधकाचा वायू धातूत शिरतो. घाई झाली की हेच दोन दिवस कापले जातात. रस 1100 ते 1180 अंशांवर ओततात. गार रस पातळ भागात पोहोचण्याआधी थिजतो: उपरण्याचे टोक, बोटे, पगडीचा काठ अर्धवट येतात, किंवा दोन बाजूंनी आलेला रस एकजीव न होता भेटतो आणि तिथे आरपार शीव राहते. टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला तर तिथे भेग आहे. असा तुकडा पुन्हा ओतायला लावा. एपॉक्सीत ब्राँझची भुकटी कालवून तो बुजवून देण्याची रीत आहे. पहिल्या उन्हाळ्यात ती पुटी वेगळ्या रंगाची होते.

जोडकाम टिग, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या, वेल्डिंगने, आणि काड्या त्याच रसातून ओतलेल्या. पितळेच्या काडीने गॅसवर जोडले तर काम स्वस्त आणि लवकर होते. अनावरणाच्या दिवशी काही दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी प्रत्येक सांध्यावर पिवळी रेघ उमटते आणि पुतळा शिवलेला दिसतो. बिल देण्याआधी सांध्यांवर रंग न चढवता आठवडाभर पाण्याचा फवारा मारून बघा, काडी वेगळी असेल तर रंगातला फरक दिसू शकतो.

पोटात काय राहते हे फार कमी लोक विचारतात. आतला पीओपी-विटांचा गाभा पूर्ण काढायचा. तो राहिला तर ओल आणि क्षार धरून ठेवतो आणि बारीक छिद्रांतून पांढरे-हिरवे ओघळ बाहेर येतात. गाभ्याला धरणाऱ्या लोखंडी खिळ्यांची जागा साफ करून ब्राँझने भरायची. आतला आधार-सांगाडा लोखंडी पाइपचा नको. ब्राँझला टेकलेले लोखंड ओलीत भराभर गंजते, गंज फुगतो आणि घोट्याशी भेग पडते. 304 किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील, दोन्ही पायांतून वर मांडीपर्यंत, खाली तळपट्टीच्या पलीकडे अँकर प्लेटपर्यंत एकसंध. तळाशी आणि धोतराच्या ज्या चुणीत पाणी साचेल तिथे 6 मिलिमीटरची छिद्रे. पुतळा डबाबंद करणे ही चूक आहे. आत घाम धरतोच, त्याला वाट हवी.

आता वारा, कारण ‘साडेतीनशे किलोचा पुतळा कुठे पडतो’ असे म्हणणारे प्रत्येक समितीत असतात. बडोद्यासाठी इमारतींच्या भारतीय मानक संहितेतला मूळ वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रतिसेकंद. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो. सात फुटी पुतळ्याचा समोरचा पसारा 1.6 चौरस मीटर आणि आकाराचा गुणक 1.2 धरला तर जोर सव्वादोनशे किलो, तोही साडेतीन फुटांवर: उलथवणारी घूर्ण शक्ती (किलो गुणिले मीटर) सुमारे 240. उलट बाजूला, 350 किलोचे वजन आणि तळपट्टीची अर्धी रुंदी 35 सेंटिमीटर, म्हणजे रोखणारी शक्ती 120 च्या आसपास. निम्मीच. पुतळा वजनाने उभा राहत नाही, बोल्टने राहतो. 20 मिलिमीटरचे चार स्टेनलेस बोल्ट, किमान फूटभर काँक्रीटमध्ये, चबुतरा ओततानाच लोखंडी फर्म्यात बसवून. नंतर भोके पाडून सिमेंटने भरलेले बोल्ट इथे नकोत. फर्मा मेणाच्या नव्हे, ओतून आलेल्या तळपट्टीवरून करा. हे गणित समितीला समजावण्यापुरते आहे. अंतिम आकडे, भूकंपाचे भार धरून, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने घ्या.

चबुतऱ्याखालची माती तपासल्याशिवाय पाया ओतू नका. शहराच्या बऱ्याच भागात फुगणारी चिकण माती लागते; पावसाळ्यात ती उचलते, उन्हाळ्यात खाली बसते, आणि वरच्या ग्रॅनाइटचे सांधे दरवर्षी उघडतात. ती काढून दीड मीटर खोलीपर्यंत जायचे, मुरूम-वाळूचा थर दाबायचा, मग एम25 प्रतीचे काँक्रीट. विश्वामित्रीचे पाणी तुमच्या आवारात कुठपर्यंत येऊन गेले आहे त्याची खूण भिंतीवर असेलच. पाटी आणि विजेची जोडणी तिच्या वर ठेवा. ग्रॅनाइट गडद घ्या. ब्राँझवरून वाहणारे पाणी फिकट दगडावर हिरवे ओघळ काढते आणि ते निघत नाहीत. तळपट्टी चबुतऱ्याच्या कडेपासून थोडी आत, आणि दगडाच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने हलका उतार. फरशा नुसत्या सिमेंटवर न चिकटवता स्टेनलेस पिनांनी धरा.

रंग, म्हणजे पटिना, हा रंगाचा डबा नव्हे. ब्लोटॉर्चने पृष्ठभाग तापवून पोटॅशियम सल्फाइड, फेरिक नायट्रेट अशी रसायने ब्रशने देतात. धातूच्या पृष्ठभागाचाच रंग बदलतो, वरून गरम असतानाच मेण. गडद तपकिरी घ्या. हवेतल्या गंधकाने ब्राँझ इथे तसेही काळवंडते, शहराने घोड्याला ‘काळा’ म्हटले ते उगीच नाही. हिरवी पटिना कागदावर छान दिसते, उन्हात चेहरा वाचता येत नाही. वीतभर तुकड्यांवर तीन छटा करून घ्या आणि दुपारी बारा वाजता आवारात नेऊन पाहा. सोनेरी लॅकर कोणी सुचवले तर स्पष्ट नाही म्हणा. सोलते ते आधी नाक आणि हनुवटीवर.

पाटीबद्दल दोनच गोष्टी. मजकूर पन्नास-साठ शब्दांत बसवा, अक्षरे 20 मिलिमीटरपेक्षा लहान नको, कारण वेलांट्या-उकार बुजतात. अनावरण करणाऱ्यांची नावे वेगळ्या छोट्या दगडावर. एकाच पाटीवर घातली की संस्थापकांचे नाव तिथे पाहुण्यासारखे दिसते. मराठी आणि गुजराती दोन्ही मजकूर कोरण्याआधी कागदावर पूर्ण आकारात छापून घ्या. सीएनसीवाल्याच्या, म्हणजे संगणकी यंत्रावर कोरणाऱ्याच्या, संगणकात फाँट बदलला की ‘वडोदऱ्याचे’ मधला ऱ्य मोडतो, जोडाक्षरे सुटी होतात, आणि ग्रॅनाइटवर खाडाखोड करता येत नाही. तपासायला शब्द हेच द्या: वडोदऱ्याचे, दुसऱ्या, उद्योगमहर्षी, कर्तृत्व.

दिवा खालून तोंडावर मारू नका. दोन दिवे, समोरून वरच्या कोनात, खांबावर किंवा इमारतीच्या सज्जावर.

देखभाल वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर. साधे पाणी, चार थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, धुऊन पूर्ण वाळवणे, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात आणि सुती कापड. पक्ष्यांची विष्ठा दिसेल तेव्हा लगेच भिजवून काढा, ती आम्लधर्मी असते. चिंच, लिंबू, तांब्याची भांडी उजळायची पावडर यांपैकी काहीही नको. जयंतीच्या आदल्या दिवशी उत्साही मंडळी पुतळा ‘चकचकीत’ करतात आणि पटिना एका तासात जाते. काळसर-तपकिरी पृष्ठभागावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर पुसून सोडून देऊ नका, ती क्लोराइडची खाणारी कीड आहे आणि ती धातूत खोल जाते. त्याला संवर्धनतज्ज्ञ लागतो. दुधाचा अभिषेक, हळद-कुंकू थेट धातूवर नको. कुंकू पायाशी दगडावर लावा.

राहिला हार. दरवर्षी तुटते ते इथेच. माणूस शिडी पुतळ्याच्या पुढे आलेल्या हाताला टेकवतो, वर चढतो आणि ऐंशी किलो मनगटाच्या सांध्यावर येतात. चष्मा हाराच्या तारेत अडकून निघतो. म्हणून मेणाच्या टप्प्यावरच तीन गोष्टी ठरवून घ्या. कॉलरमागे मानेच्या आत 8 मिलिमीटरची स्टेनलेस कडी, जिच्यात हाराची दोरी अडकेल. चष्म्याची काडी 4 मिलिमीटर ब्राँझची, कानामागे आणि नाकावर वेल्ड केलेली, काच नको. काठी असेल तर तिच्यात तळपट्टीपर्यंत स्टेनलेसची गज. आणि चबुतऱ्यामागे दगडात लपलेल्या तीन पायऱ्या व एक पकड ठेवा, मागच्या बाजूने वर जाता येईल अशी. सात फुटी पुतळ्याच्या मानेपर्यंत मग हाताला टेकू न घेता पोहोचता येते. हार सुतळीचा सांगा, तारेचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी उतरवा. ओली झेंडू तीन दिवस छातीवर राहिली तर तिचा काळा गोल डाग पुढच्या जयंतीपर्यंत दिसतो.